वीतभर सागवान बंबात घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा होळीच्या आदल्या दिवशी सकाळी दूध घेऊन परतताना कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी थांबलो. आत एक जुना वाडा उतरवायचं काम चालू होतं. गल्लीतली तीन पोरं सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधत होती आणि पोत्यातून एक लाकूड बाहेर आलेलं होतं. दीड वीत लांब, चार बोटं जाड, एका कडेला कमळाच्या अर्ध्या पाकळ्या कोरलेल्या.

"कुठं चालवलायसा रे हे?" मी विचारलं.

"होळीला, आजोबा. कंत्राटदारच म्हटला, बारकं बारकं सगळं घेऊन जावा."

तुकडा हातात घेऊन नखानं खरवडला. वरचा काळा थर गेला आणि खाली मधासारखा रंग दिसला. नाकाशी धरला तर कोऱ्या चपलेच्या कातड्यासारखा तेलकट वास. सागवान. दरवाजावरची गणेशपट्टी एका टोकाला वाळवीनं खाल्ली होती म्हणून ती सगळीच मोडून टाकलेली. मी पोरांना वखारीतून बाभळीचं जळण घेऊन दिलं आणि पोतं घरी आणलं. अंगणात ओतून मोजलं तर २३ तुकडे भरले. १७ सागवानाचे, ४ शिसवीचे, २ फणसाचे. सगळ्यात लांब तुकडा दोन फुटांचा, सगळ्यात लहान माझ्या तळहाताएवढा. हे पत्र त्या २३ तुकड्यांबद्दल आहे, आणि असे जे तुकडे रोज आपल्या पेठांमधून जळणात जातात त्यांच्याबद्दल.

मी पॅटर्नमेकर. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, ३८ वर्षं काम केलं. हा धंदा आता कमी लोकांना माहीत आहे म्हणून थोडं सांगतो. फौंड्रीत बीड (ओतीव लोखंड) ओतायचं तर आधी वाळूत साचा घ्यावा लागतो आणि त्यासाठी हव्या त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. तो करतो तो पॅटर्नमेकर. ओतलेलं बीड गार होताना फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं, म्हणून आमची पट्टीसुद्धा वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढाच मोठा आखलेला असतो. ऑइल इंजिनाची बॉडी, उसाच्या चरकाचे गिअर, पंपाचं केसिंग, सगळं आधी लाकडात करायचं. आता बरेच नमुने ॲल्युमिनियमचे आणि रेझिनचे होतात, पण माझ्या उमेदीच्या काळात उद्यमनगरात रंध्याचा आवाज घणाच्या आवाजाइतकाच ऐकू यायचा.

नमुन्याचं लाकूड पावसाळ्यात फुगलं किंवा वाकलं तर त्यावरून निघालेलं सगळं ओतकाम वाया जातं. म्हणून आमच्या वस्तादांची नजर जुन्या घराच्या सागवानावर असायची. कुठं माडी उतरवली जातेय असं कळलं की ते दुपारच्या सुट्टीत तिकडं जायचे आणि येताना धोतराच्या सोग्यात दोन-चार ठोकळे घेऊन यायचे. शंभर पावसाळे आणि शंभर उन्हाळे सोसलेल्या लाकडाला जेवढं वाकायचं असतं तेवढं ते वाकून झालेलं असतं.

आणि मोठा गोल नमुना आम्ही एका फळीतून कधीच कापत नसू. लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. एकाच फळीतून गोल कापला तर चार महिन्यांत तो लंबगोल होतो. त्यापेक्षा सहा लहान तुकडे घ्यायचे, प्रत्येक ६० अंशांचा, टोकं बरोबर कापून त्यांची कडी जुळवायची. दुसरी कडी पहिलीवर अशी बसवायची की वरचा सांधा खालच्या तुकड्याच्या मध्यावर यावा, गवंडी विटा रचतो तशी. प्रत्येक तुकड्याचा धागा गोलाईबरोबर वळत जातो, त्यामुळे गोल तो गोलच राहतो. चरकाच्या गिअरचा तीन फुटांचा नमुना मी अशा वीत-दीड वीत तुकड्यांतून उभा केला आहे आणि तो फौंड्रीत वीस वर्षं वापरला गेला. दोन फुटांच्या आतलं लाकूड ‘कामाचं नाही’ असं कुणी म्हटलं की माझा जीव तुटतो तो ह्यामुळं.

आज होतं काय, ते मी गेली सात वर्षं, निवृत्त झाल्यापासून, रोज फिरताना बघतो. वाडा उतरवला की खांब, तुळया, दारं, चौकटी जुन्या लाकडाचा व्यापारी घनफुटावर मोजून नेतो. त्यात हिशोब चोख असतो. राहतं ते बारकं: खांबाच्या तळाशी कुजलेला भाग कापल्यावर निघालेले ठोकळे, जिन्याच्या पायऱ्यांचे तुकडे, कडीपाटाच्या कड्यांची टोकं, कोनाड्यांच्या फळ्या, खुंट्या, मोडक्या कठड्याचे गज. हे सगळं टेम्पोत भरून जळणाला जातं. कधी हॉटेलच्या भट्टीला, कधी कुणाच्या बंबाला.

शेजारच्या काकूंकडं अजून तांब्याचा बंब आहे. मागच्या थंडीत त्यांच्याकडं गेलो तर बंबाशेजारी जांभळट काळं, हाताला दगडासारखं जड असं फूटभर लाकूड पडलेलं. शिसव. काकू म्हणाल्या, "मिस्त्री, हे लई येळ जळतंय बघा, एका तुकड्यात चौघांचं पाणी तापतंय." जळणारच. शिसव आपल्या सह्याद्रीतलंच झाड, पण आज चांगली शिसव नजरेलाही पडत नाही. तिच्या सगळ्या जातकुळीचा परदेश व्यापार २०१७ पासून सायटीस या, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. त्या एका तुकड्यात पटाशीच्या सहा मुठी होत्या. तानपुऱ्याच्या खुंट्या करायला मिरजेच्या कारागिरानं तो डोक्यावर घेतला असता. काकूंची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी बदल्यात बाभूळ दिली आणि तो तुकडा आणला.

पैशाचा हिशोबही मांडतो, कारण कंत्राटदाराला तोच पटतो. वाळलेलं सागवान एका घनफुटाला साधारण १८ किलो भरतं. वखारीत बारकं लाकूड मला दहा रुपये किलोनं सांगितलं होतं. म्हणजे घनफुटाचे १८० रुपये आले. टिंबर मार्केटमध्ये चांगल्या सागवानाचा एक घनफूट घ्यायला किती हजार मोजावे लागतात ते कुठल्याही सुताराला विचारा. आणि एवढे देऊनही जुन्या वाड्यासारखं लाकूड मिळेल याची खात्री नाही. त्या वाड्यांत बरंच बर्मा सागवान आहे, बोटीनं मुंबईला उतरलेलं. म्यानमारनं एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. हल्ली मिळतं त्यात लागवडीचं, लवकर तोडलेलं बरंच असतं, त्यात गाभा कमी आणि पांढरा भाग जास्त. भुंगा लागतो तो ह्या पांढऱ्याला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. १९१५ साली शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं ते नाट्यगृह. माझ्या बाजूला उभी असलेली माणसं, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, ती रडत होती. मीही रडलो. त्या रात्री शहराला एवढं दुःख झालं ते खरं होतं. त्याच वयाचं, त्याच हातांनी तासलेलं लाकूड पेठेपेठेत रोज थोडं थोडं जळतं आहे. दिसत नाही, म्हणून कुणी थांबवत नाही.

महापुराचंही सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. माझी बहीण शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहते. तिच्या घरात छातीएवढं पाणी चढलं आणि काही दिवस राहिलं. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तर भुशाच्या बोर्डाचं नवं स्वयंपाकघर भिजल्या पावासारखं फुगून पडलेलं. ट्रॉल्या उचलायला गेलं की हातात लगदा. तेव्हा रस्त्यांवर अशा फर्निचरचे ढीग लागले होते, ते सगळ्यांनी पाहिले आहेत. तिच्या देवघरावर मात्र चिखलाचा थर तेवढा बसला होता. ते मी तिला तुकड्यांचं करून दिलं होतं, अंगठ्याएवढ्या रुंद पट्ट्या जोडून. लाकडाला काही झालं नाही. दोन सांधे उकलले, ते माझ्या गोंदामुळं. साधा पांढरा गोंद वापरला होता. धुतलं, सावलीत महिनाभर वाळवलं, पाण्याला टिकणाऱ्या गोंदानं सांधे पुन्हा जोडले. २०२१ ला परत पाणी आलं, तेव्हाही ते पाण्यात होतं. आजही त्यात देव आहेत.

आता त्या २३ तुकड्यांचं काय केलं ते.

पहिला आठवडा फक्त खिळे काढण्यात गेला. जुन्या लाकडात खिळे डोळ्यांना दिसतात त्याच्या दुप्पट आत असतात. पेठेत मिळणारा स्पीकरचा लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक बाजूवरून फिरवायचा. जिथं ओढ लागेल तिथं खडूची खूण. अंबुरानं हळू ओढून काढायचे, घाई केली तर डोकं तुटतं आणि खिळा आतच राहतो. मला नऊ खिळे मिळाले, त्यातले चार लोहारानं हातानं घडवलेले, चौकोनी. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, तो कुजकेपणा नव्हे. लोखंड आणि लाकडातला तुरटपणा यांच्या संगतीनं तो डाग पडतो. तो राहू द्यावा, मला तर आवडतो. एक मात्र सांगतो, सागवानात वाळूसारखा अंश असतो, त्यामुळं रंध्याची धार लवकर जाते. दर अर्ध्या तासाला पाते दगडावर घ्यायची तयारी ठेवा.

तीन तुकड्यांवर हिरवा ऑइलपेंट होता. ते मी वेगळे काढले. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडं घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. असं लाकूड कोरडं घासू नका, त्याचं पोळपाट करू नका, आणि बंबात किंवा होळीत तर मुळीच घालू नका. तो धूर लेकरांच्या अंगात जातो. तसंच रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं. त्यांना डांबरी तेल पाजलेलं असतं, ते स्वयंपाकघरापासून लांबच ठेवावं.

राहिलेले तुकडे घरात तीन आठवडे एकावर एक रचून ठेवले, मध्ये काड्या घालून, म्हणजे हवा खेळते. मग रंधा मारला. सागवानाच्या नऊ तुकड्यांतून दीड-दीड इंच रुंदीच्या पट्ट्या काढल्या आणि जोडून दोन पोळपाट केले. जोडताना शेजारच्या दोन पट्ट्यांच्या टोकांवर दिसणारी वाढीच्या वलयांची कमान उलटसुलट ठेवायची, एकीची वर तर दुसरीची खाली. मग पुढं एक पट्टी वाकायला गेली तर दुसरी तिला धरून ठेवते. वरून कच्चं जवसाचं तेल पातळ पुसलं आणि पंधरा दिवस वाळवलं. (तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं स्वतःच तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.) शिसवीच्या तुकड्यांतून पटाश्यांच्या आणि किकऱ्याच्या सात मुठी झाल्या. फणसाच्या दोन तुकड्यांची मीठ-हळदीची डबी केली. पिवळं लाकूड हळूहळू तांबूस होत चाललं आहे. उरलेल्या सागवानाचा एक पाट केला, त्याला खिळा एकही नाही, खाच आणि कुसूच.

कमळाचा तुकडा मी कापला नाही. स्वच्छ केला आणि वाड्याच्या मालकीणबाईंना दाखवायला नेला. त्या आता मुलाकडं फ्लॅटमध्ये राहतात, वय ८० च्या पुढं. त्यांनी बराच वेळ पाकळीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "ह्याच्यावर तोरण बांधायला मला पाट ठेवून उभं राहावं लागायचं." मग मी तो तुकडा त्यांच्याच घरात राहील असा लहान देव्हाऱ्याच्या माथ्यावर बसवून दिला. पाटही त्यांनाच दिला.

ह्या पत्रातून माझं मागणं असं आहे.

वाडा किंवा जुनं घर उतरवायचं कंत्राट देताना घरमालकांनी एक ओळ जास्त लिहून घ्यावी: वीतभर लांबीच्या वरचं सगळं सागवान, शिसव, फणस, जांभूळ बाजूला ठेवायचं. ओळखता येत नसेल तर तो तुकडा कोणत्याही म्हाताऱ्या सुताराला दाखवावा, तो वजनावरून सांगेल. वाळवीनं पोखरलेलं, बोट घातलं तर भुगा होणारं लाकूड जळणाला गेलं तर माझी काही तक्रार नाही.

पाडकामाच्या कचऱ्याचे केंद्राचे नियम २०१६ साली आले. मोठ्या पाडकामात काँक्रीट, माती, लोखंड, विटा, लाकूड वेगवेगळं काढायला त्यात सांगितलं होतं. मोठ्या कामाला जे लावलं ते पेठेतल्या दोन मजली वाड्यालाही का लावू नये? पाडकामाच्या परवानगीबरोबर एक छापील कागद दिला तरी पुरे. आणि ते लाकूड टाकायला शहरात एखादी शेड असावी, जिथं कारागीर, शाळांतली मुलं, आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणारी पोरं तुकडे वजनावर घेऊ शकतील. शिकणाऱ्या पोराला सांधा शिकवायला नवी फळी का कापावी? वीतभर जुन्या सागवानावर तो तीन सांधे शिकेल, आणि चुकला तरी नवी फळी वाया गेली म्हणून कुणाचं मन खट्टू होणार नाही.

मंडळांच्या पोरांनाही विनंती आहे. आपल्या शहरानं होळी लहान करून पंचगंगा स्मशानभूमीला शेणी (गोवऱ्या) दान द्यायची रीत पाडली, ती मी बघितली आहे. मी स्वतः दरवर्षी शेणी देतो. म्हणजे होळीबद्दल सांगितलेलं कोल्हापूरकर ऐकतात. पुढच्या वर्षी लाकूड गोळा करताना रंधलेलं, कोरलेलं किंवा जुन्या घरातलं लाकूड वेगळं काढा, बस्स.

निवृत्तीनंतर माझ्या घराच्या मागं पत्र्याची छोटी शेड आहे. त्यात एक बाक, सहा शिकंजे, रंधे, करवती आणि दगड आहेत. रविवारी सकाळी आठ ते बारा मी तिथं असतो. तुमचे तुकडे घेऊन या, ज्यांना खिळे काढायचे, रंधायचे, जोडायचे शिकायचं आहे त्यांना शिकवतो, पैसे घेत नाही. गोंद तेवढा तुम्ही आणा, पाण्याला टिकणारा. माझा पत्ता आणि फोन संपादकांकडं दिला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
मंगळवार पेठ, कोल्हापूर